बोईसरला घेतलेली सुई

मंजुळा गेल्याचं तिच्या सुनेने, रेश्माने, फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं नाही. तिच्यावर धरलेला राग तसाच होता... आज दीड महिना झाला, अजून उतरलेला नाही.

आमची ओळख पालघरच्या हाडांच्या डॉक्टरांकडची. मी निवृत्त शिक्षिका, ती किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, जन्मभर मासळी सुकवून विकलेली. माझं मनगट मोडलं होतं, तिचा मणका दबला होता. "एक औषध हाड बांधेल, दुसरं झिजू देणार नाही. दोन्ही मिळून घ्यायची," डॉक्टर म्हणाले. एक सुई रोज पोटात, घरच्या घरी. दुसरी दर सहा महिन्यांनी दंडात. मला सुईची भीती. मंजुळाने माझ्यादेखत स्वतःच्या पोटाला सुई टोचली आणि म्हणाली, "बाई, मासळीच्या काट्यांनी आमी हात फाडून घेतले, ह्याचं काय! टोचा." मी टोचली. पुढे दोन वर्षं रोज सकाळी तिचा फोन, "टोचली काय?"

रोजची सुई संपली. सहा महिन्यांची मात्र विचारल्याशिवाय थांबवू नका, हाडं भराभर ढासळतात, असं डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून बजावलं होतं. काही वर्षं आम्ही बरोबरच जायचो. मग ती म्हणाली, "थोरला मुलगा बोईसरला ऱ्हातो, तिथंच घेते आता." मी मानलं. न मानायला काय झालं होतं?

यंदा बादली उचलताना तिचे एकदम तीन मणके गेले. शेवटची सुई कधीची, असं डॉक्टरांनी विचारल्यावर रेश्मा मान खाली घालून म्हणाली, "दीड वरीस झालं." मंजुळाची दाढ काढायची होती. त्या सुईमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही, तेव्हा आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारून या, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. ती घाबरली, विचारायला गेलीच नाही, आणि सुईच सोडून दिली. बोईसरचं नुसतं निमित्त होतं.

"मला का नाही सांगितलंस?" डबा घेऊन गेले तेव्हा मी तिच्या खाटेशी विचारलं.

"तुमी पन बंद केली असती. भित्र्या तुमी."

"मी तुला डॉक्टरांकडे ओढत नेलं असतं, मंजुळा!"

"म्हनून पन नाय सांगितलं." ती हसली आणि कळ येऊन थांबली. मी डबा ठेवला नि निघून आले. परत गेले नाही. पडून पडून तिच्या छातीत कफ भरला, आणि...

माझी हाडं तिने सांभाळली. तिची सांभाळायची वेळ आली तेव्हा मला दाराबाहेर ठेवलं. एवढी का मी परकी होते?

गेल्या आठवड्यात मुरब्याला गेले. ओटीवर रेश्मा खाली बसून जवळा निवडत होती. शेजारी मंजुळाची उंच लोखंडी खुर्ची रिकामी होती. वाकायची मनाई झाल्यापासून ती तिच्यावरच बसायची.

"बसा ना, बाई. आमी कोन बसत नाय हिच्यावर. आईंनी सांगून ठेवलंय, बाई आल्या की त्यांना द्या, खाली बसवू नका."

मी उभीच राहिले... पाठ भरून येईपर्यंत.