गरुडाच्या पंखातली हळद

"इट्स अ राँग 'अन," मार्टिन म्हणाला आणि चहाचा मग उचलला. आमच्या धंद्यात नकली वस्तूला असंच म्हणतात. मार्टिन माझा बॉस. इंग्लंडात मेडनहेडजवळच्या आमच्या छोट्याशा ऑक्शन हाऊसमध्ये जुन्या लष्करी वस्तूंचं डिपार्टमेंट म्हणजे मी एकटी. तरी शेवटचा शब्द त्याचा, कारण बिल्डिंग त्याची आहे.

समोर डॉ. पटवर्धन बसले होते. ऐंशीच्या घरातले, रिटायर्ड सर्जन. त्यांचा चेहरा पडला.

"मंजिरी, मला हा विकायचा नाहीये," ते मराठीत म्हणाले. "कार्ल खोटं बोलला का, एवढंच सांग."

कार्ल आधी त्यांचा पेशंट, मग अलॉटमेंटवरचा, म्हणजे भाड्याच्या भाजीच्या वाफ्यावरचा, शेजारी आणि मग जिवाभावाचा मित्र. तो जर्मन हवाई दलात पायलट होता. युद्धाच्या शेवटी इकडे कैदी झाला आणि इकडेच राहिला. वारण्याआधी त्याने आपला पायलटचा बॅज डॉक्टरांना दिला. आता त्याची मुलगी तो बघायला रविवारी येणार होती, आणि नेमकं त्याच आठवड्यात जुन्या वस्तूंच्या एका फेअरमधल्या डीलरने सांगितलं होतं, कॉपी आहे.

"तिला काय सांगू? युअर फादर मेड इट ऑल अप?"

"काका, दुपारपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले.

हा बॅज कसा असतो ते सांगते. पानांचं एक कडं, आणि त्यावर गरुड. गरुड वेगळा बनवून मागून दोन रिव्हेट मारून बसवलेला. सुरुवातीचे बॅज चांगल्या धातूचे. पुढे जर्मनीकडे धातू उरला नाही, तेव्हा जस्त वापरायला लागले. जस्त म्हणजे रडका माल. मुलामा उडतो, रंग राखाडी होतो, वर पांढरट बुरशीसारखं काहीतरी येतं. त्यामुळे शेवटच्या काळातला बॅज जितका दळभद्री दिसेल तितका आम्हाला आवडतो. गरुडाच्या पायात स्वस्तिक असतं. त्या चिन्हाखाली काय काय झालं ते ठाऊक असल्यामुळे असली वस्तू हातात घेताना मला कधीच आनंद होत नाही. पण काम ते काम.

डॉक्टरांचा बॅज दळभद्री अजिबात नव्हता. नव्या नवरीसारखा उजळला होता. मार्टिनचं चुकत होतं असं म्हणायला मलाही जागा नव्हती, आणि त्याचाच मला राग येत होता.

मग मी यूव्ही टॉर्च मारला. त्या उजेडात नवीन गोंद, नवीन रंग चमकून उठतात. गरुडाच्या पंखांच्या खाचा एकदम हिरव्या-पिवळ्या पेटल्या.

"मॉडर्न ग्लू," मार्टिन खूश होऊन म्हणाला. "केस क्लोज्ड."

मी टॉर्च बंद करून लूप डोळ्याला लावला. लूप म्हणजे आमचं छोटं भिंग. खाचेत पिवळी पूड होती. तिच्या शेजारी लाल पूड. आणि मागे, पिनच्या बिजागरीत, एक पांढरा कण.

"इज दॅट राइस?" मार्टिनने विचारलं.

"राइस," मी म्हणाले. "आणि जर्मन हवाई दल अक्षता वाटत नसे."

अक्षता काय ते त्याला कळलं नाही, मीही सांगत बसले नाही. बाहेर बसलेल्या डॉक्टरांना आत बोलावलं आणि त्यांच्या घरी फोन लावला. स्पीकरवर.

"काकू, तो गरुडाचा बॅज दसऱ्याला पूजेत ठेवला होतात का?"

"म्हणजे काय! ह्यांचा स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली, माझं शिवणाचं मशीन आणि तो. सैन्यातल्या माणसाची वस्तू, शस्त्रातच धरायची ना? त्या स्वस्तिकाला नाही हं कुंकू लावलं. ते आपलं नाही, एवढं कळतं मला. पंखांना लावलं."

"आणि पूजेच्या आधी?"

"आधी घासायला नको? कसला काळवंडला होता! चिंच-मीठ लावून लख्ख केला."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अगं, मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही होतात कुठे? अलॉटमेंटवर."

मी भराभर मार्टिनला सगळं इंग्रजीत सांगितलं, यूव्हीखाली हळदही अशीच पेटते हेसुद्धा. तो म्हणाला, "सो अ नाइस लेडी क्लीन्ड अ फेक." हेही खरंच होतं. घासला म्हणून अस्सल ठरत नाही.

पण काकूंचा हात सगळीकडे पोचला नव्हता. गरुड आणि कडं यांच्यामध्ये कागद जेमतेम सरकेल एवढी फट असते. मी बॅज आडवा धरून तिथे उजेड टाकला. आत तोच रडका राखाडी रंग. गरुडाच्या पोटाला जुना काळपट मुलामा अजून चिकटलेला, रिव्हेटच्या भोवती पांढरी बुरशी. नकली माल करणारा बॅज जुना दिसावा म्हणून मेहनत घेतो, पण बाहेरून, गिऱ्हाइकाची नजर जाते तिथे. आतून म्हातारा आणि बाहेरून लख्ख असा बॅज कोणी मुद्दाम करत नाही. तो फक्त चिंचेने होतो.

मार्टिनने बराच वेळ लूपमधून पाहिलं. "बगर," त्याने हलकीशी शिवी हासडली. त्याच्याकडून एवढीच माफी मिळते.

मी रिपोर्ट लिहिला: अस्सल, युद्धाच्या अखेरचा, जस्ताचा, हार्शली क्लीन्ड, म्हणजे खसाखसा घासलेला. डॉक्टरांनी पहिला शब्द वाचला आणि चष्मा काढून पुसत बसले.

"लीकची रोपं कशी लावायची ते जन्मभर चुकीचं शिकवलं गाढवाने," ते म्हणाले. "पण हे खरं बोलला."

सोमवारी काकूंचा फोन आला. कार्लची मुलगी तो चकचकीत बॅज बघून आधी खूप हसली. डॅडने आयुष्यात बूटसुद्धा पुसले नाहीत, म्हणाली. मग रडली. मी वेगळ्या पुडीत घालून दिलेला तांदळाचा कणही तिने बॅजबरोबर मागून नेला.

"ते सगळं ठीक," काकू म्हणाल्या, "पण हार्शली काय गं? मऊ हाताने घासला होता मी."

तेव्हापासून मराठी घरातून काही आलं, की मी लूप उचलायच्या आधी फोन उचलते. धातू नंतर तपासता येतो. चिंच आधी विचारावी.