कंप्युटरला मराठी येत न्हाय म्हणे!

मनानं तरी जवळ बस गं लेकी, वर्षभर तोंड दाखवलं न्हाईस! आज बाजारात गुटख्याचा भपका आला आणि इंदापूरचं ते टायपिंगचं दुकान आठवलं. तवा आपल्या वस्तीवर एसटी थांबेना, म्हणून पोरींची शाळा कायमची सुटायला आली होती. एसटी थांबवा म्हणून डेपोत मराठीतला अर्ज त्याच दिवशी द्यायचा होता. दुकानदार तोंडातला तोबरा सांभाळत म्हणाला, "आजी, या कंप्युटरला मराठी येत न्हाय." "त्याला येत न्हाय का तुला? सरक!" तुला फोन लावला, तू सांगत गेलीस तशी मी सेटिंगमध्ये भाषा निवडली, आणि दोन मिनिटांत मराठी आली. "आयला, आलं की!" म्हणून तो हसला. शी! किती जणांना त्यानं असंच परत पाठवलं असंल! लाल, चिकट बटणं पदरानं पुसत अर्ज मीच टाइप केला. आता एसटी वस्तीवर थांबते. तिनंच ये, लवकर ये.