सहा बाय चारचा पत्रा

मी चौथीपर्यंत शिकलो, पण पत्र्याच्या कोठ्या चाळीस वर्षं केल्या. सहा फूट लांब, चार फूट रुंद पत्रा घ्यायचा, लांबीकडून गोल वळवायचा, जोड ठोकायचा, खाली बूड, वर झाकण. घेर सहा फूट, उंची चार फूट. तिच्यात पन्नास किलोचे पाच कट्टे गहू बसतात. हे कुठं वाचलेलं नाही, भरून पाहिलेलं आहे. अमुक कट्टे मावतील म्हणालो अन् मावले नाहीत, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीनं देऊळघाटला, तिच्या सासरी, स्वयंपाकघर नवं केलं. ओटा आला, फ्रिज आला, अन् फ्रिज आणि भिंतीच्या मधे उरली सोळा इंच जागा. कोठी तिथंच बसवायची होती. मी म्हणालो, त्यात काय! तोच सहा बाय चारचा पत्रा घेतला, फक्त रुंदीकडून वळवला. घेर चार फूट, उंची सहा फूट. जागेत अशी बसली की बोट जाईना.

माझी विहीण दारात उभी राहून पाहत होती.

"इवाईबुवा, हे कोठी व्हय का धुराडं?"

"पत्रा तेवढाच हाये ईनबाई. पाचही कट्टे खाते. माहा शब्द हाये."

जावई स्टुलावर चढून ओतू लागला. तीन कट्टे गेले. चौथ्याचा तिसरा हिस्सा गेला अन् गहू काठाला आला. मी कोठीला चहूबाजूंनी थापट्या मारल्या. गहू दोन बोटं खाली बसला, पुन्हा काठाला आला.

"गहू वाळवला नाही तुम्ही. फुगेल हाये."

"चार दिवस गच्चीवर होता," विहीण म्हणाली. "तिचं पोट भरलं बुवा. आता तिले जबरदस्ती काऊन करता?"

जावई तोंड फिरवून हसला. लेक हसली नाही, खाली मान घालून सांडलेले दाणे वेचत बसली. ते मला लागलं. सासरच्या माणसांसमोर बापाचा शब्द खोटा पडला होता. तरी मी हटलो नाही. पत्रा तोच, तर धान्यही तेवढंच बसलं पाहिजे, हे माझं चालूच.

शेवटी लेक उठली. जुन्या कॅलेंडरची दोन सारखी पानं फाडली. एक लांबीकडून वळवून बुटकं नळकांडं केलं, दुसरं रुंदीकडून वळवून उंच केलं. बुटकं परातीत उभं केलं, त्याच्या आत उंच ठेवलं, अन् उंच नळकांडं गव्हानं काठोकाठ भरलं.

"बाबा, आता आतलं वर ओढायचं. तुमच्या हिशोबानं बाहेरचं भरलं पायजे."

"भरनच!"

तिनं ओढलं. गहू पसरला. बाहेरचं तीनातले दोन हिस्से भरलं अन् थांबलं. मी परातीत वाकून पाहिलं, कुठून सांडलं का. कुठंच सांडलं नव्हतं.

एसटीत बसलो तरी तेच डोक्यात. उंची वाढली ती नुसती वर वाढली. घेर आवळला तेव्हा मात्र बूड लांबीतही घटलं अन् रुंदीतही घटलं. म्हणजे घेर दोनदा मोजायचा अन् उंची एकदा. तिकिटाच्या मागं पेनानं लिहिलं. जुनी कोठी : सहा गुणिले सहा गुणिले चार, एकशे चव्वेचाळीस. हे पाच कट्टे. धुराडं : चार गुणिले चार गुणिले सहा, शहाण्णव. तीन कट्टे अन् वर तिसरा हिस्सा. बरोबर तेवढाच गेला होता! मला पोटातून हसू आलं. शेजारचा माणूस सरकून बसला.

राहिले अठ्ठेचाळीस. ओट्याखाली बसेल अशी दोन फूट उंचीची कोठी करायची, तर घेर किती? पाच घेतला. पाच गुणिले पाच गुणिले दोन, पन्नास. झालं.

आठव्या दिवशी ती डोक्यावर घेऊन देऊळघाटला उतरलो.

"ईनबाई, राहिलेला सगळा गहू ओता. वर इंचभर जागा रिकामी राहीन."

"मागच्या वक्ती बी असंच म्हणाले होते तुम्ही."

"मागच्या वक्ती अंदाज होता. आता हिशोब हाये."

अर्धवट कट्टा गेला. शेवटचा पूर्ण कट्टा गेला. लेकीनं पोतं झटकलं. विहिणीनं आत बोट घालून पाहिलं, दुसऱ्या पेरापर्यंतही नाही गेलं.

"इंचभरच हाये की वं!" ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मंग पयलीच चुकली होती म्हना ना."

"पयलीची जागा सोळा इंचाची होती," मी म्हणालो.

लेक यावेळी मोठ्यानं हसली. मी चुकलो असं काही मी म्हणालो नाही. पण परात पुढ्यात ओढली, दोन्ही नळकांडी मागून घेतली, अन् घेर दोनदा का मोजायचा ते विहिणीला पहिल्यापासून समजावून सांगायला बसलो.