मुनव्वरने लावलेला टीव्ही वाकडा नसतो

आयुष्यात काय काय पाहिलंत, असं कुणी विचारलं तर मुनव्वर सांगायचा, "टीव्हीची पाठ." आणि त्यात खोटं काही नव्हतं. बुधवार पेठेतल्या एका बोळात तीस-बत्तीस वर्षं त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. क्रिकेटची फायनल असो नाहीतर रविवार सकाळची मालिका, सगळं पुणं टीव्हीच्या पुढे मांडी घालून बसलेलं असताना हा गृहस्थ मागे, तारांच्या गुंत्यात नाक खुपसून. पडद्यावर कोण जिंकलं नि कोण मेलं, हे त्याला पुढे बसलेल्यांच्या तोंडावरून कळायचं.

सुरुवात अँटेनापासून झाली. पत्र्यावर चढायचं, काठी फिरवायची आणि खाली ओरडायचं, "आलं का?" खालून उत्तरं यायची: "आलं! गेलं! मुंग्याच मुंग्या!" गंज पेठेत एका घरी मात्र खालचा आवाज फार नेमका होता. "थोडं डावीकडे. अजून बोटभर. बस, हात काढा." अँटेना दहा मिनिटांत लागला, मुनव्वर पत्र्यावर तासभर होता. उन्हाने टाळू तापली तरी खाली उतरेना. पुढच्या वर्षी त्या आवाजाशी, म्हणजे कमरजहांशी, त्याचा निकाह झाला. सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, टीव्ही महागात पडला.

मग केबल आली, देशात परदेशी माल आला, हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या आणि खोक्यासारखे टीव्ही बघता बघता चपटे झाले. चपट्या टीव्हीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. आतली सर्किटची पट्टी बदलली की संपलं. तेव्हा दुरुस्ती करणारा मुनव्वर भिंतीवर टीव्ही लावून देणारा मुनव्वर झाला. पण पुणेरी गिऱ्हाईक हे पुणेरी गिऱ्हाईक. चहा विचारेल न विचारेल, काम झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून म्हणणार, "डावीकडे जरा खाली वाटतोय हो." या वाक्याला कंटाळून मुनव्वरने गवंड्यांकडे असते तशी पाणसळ घेतली. पिवळं पाणी भरलेली नळी, त्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की टीव्ही सरळ, वाद खलास. एवढीशी वस्तू, पण ती हातात आल्यापासून मुनव्वरची मान ताठ झाली. त्याने कुणाला काही विचारणंच सोडलं.

पुण्यात दुकान आहे आणि पाटी नाही, तर लोकांना मालाबद्दल संशय येतो. म्हणून त्याने पाटीही लावली. 'मुनव्वरने लावलेला टीव्ही वाकडा नसतो. वाकडा वाटल्यास डोळे तपासून घ्यावेत.' दुसऱ्या ओळीचा त्याला पहिलीपेक्षा जास्त अभिमान होता.

ही पाटी न मानणारं माणूस एकच, आणि ते त्याच्याच घरात. गंज पेठेतली त्यांची इमारत एका अंगाने थोडी खचलेली. दारं, खिडक्या, कपाट, सगळं गुण्यागोविंदाने एकाच बाजूला कललेलं. त्या भिंतीवर मुनव्वरने नऊ वर्षांपूर्वी बुडबुडा लावून अगदी सरळ टीव्ही बसवला. कमरजहां म्हणाली, "टेढा है जी." मुनव्वरने पाणसळ टीव्हीवर ठेवून दाखवली. चार-पाचदा असं झाल्यावर ती बोलायची थांबली. पण तेव्हापासून मालिका बघायची ती मान उजवीकडे कलती करून. वर रात्री मानेला बाम. "मालिका कमी बघ," असा सल्ला मुनव्वर द्यायचा. फुकट सल्ला देण्यात तोही पक्का पुणेकर.

आता कंपनीचा माणूस टीव्हीबरोबरच येऊन टीव्ही लावून जायला लागला, तशी दुकानातली वर्दळ आटली. जुनेद, मुनव्वरचा मुलगा, हिंजवडीत कामाला. तो दर रविवारी एकच विषय काढायचा: "अब्बा, आता पुरे. बंद करा. घरी बसा, आराम करा, टीव्ही बघा." घरी बसायचं म्हटलं की मुनव्वर पिशवी उचलून दुकानाची वाट धरायचा. टीव्हीच्या पुढे बसून माणसं नक्की काय करतात, हे त्याला माहीतच नव्हतं. एकदा चिडून तो म्हणाला, "ज्या दिवशी माझ्या हातून एक जरी टीव्ही वाकडा लागेल, त्या दिवशी शटर ओढेन. शब्द आहे माझा." जुनेदने लगेच हो म्हटलं. शब्द देताना मुनव्वरला काळजी नव्हती. बुडबुडा त्याच्या पिशवीत होता.

आणि अशात वारज्याहून बुद्धभूषणचा फोन आला. हा बुद्धभूषण एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने एक जुनी मिनीबस घेऊन तिचं मोटरहोम केलं होतं. आत पलंग, ओटा, बेसिन, वर कपाटं. त्याची आई हिराबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. जन्मभर मुलांना फळ्यावर नकाशे काढून दाखवले, स्वतः मात्र सातारच्या पुढे गेल्या नाहीत. निवृत्तीनंतर आईला सगळा नकाशा खरोखरचा दाखवायचा, असं मुलाच्या मनात. त्या गाडीत दोन चपटे टीव्ही लावायचे होते, एक बैठकीसमोर, एक पलंगापाशी. कंपनीच्या माणसाने चाकांवरच्या घराला हात लावायला नकार दिला होता.

मुनव्वर खुलला. वारज्याच्या त्या चढाच्या गल्लीत, चाकांमागे दगड लावून उभ्या केलेल्या गाडीत तो सकाळीच हजर झाला आणि कुणी न विचारता व्याख्यान सुरू केलं. "घर हलत नाही, गाडी हलते. प्लायवुडवर स्क्रू मारला तर पहिल्या खड्ड्यात टीव्ही मांडीत." मग त्याने पत्र्यामागचा लोखंडी अँगल शोधला, त्यात बोल्ट घातले, रबराचे वॉशर बसवले, वरून पट्टा आवळला. खड्डे, गतिरोधक, घाटाची वळणं, सगळ्याचा विचार केला. फक्त चढावर उभी असलेली गाडी सरळ नसते, एवढं त्याच्या डोक्यात आलं नाही. तसा इशारा मिळाला होता. ओट्यावर ठेवलेला चहाचा कप दोनदा घसरत गेला. दोन्ही वेळा मुनव्वरने तो चपळाईने पकडला आणि म्हणाला, "ओटा फार गुळगुळीत केलाय तुम्ही."

टीव्ही लागले. बुडबुडा मधोमध. हिराबाईंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "मुनव्वरभाई, टीव्हीचं आणि वरच्या कपाटाचं काही पटत नाहीये."

"बाई, डोळा फसवतो. बुडबुडा फसवत नाही."

बुद्धभूषणने खिशातून मोबाइल काढून टीव्हीवर ठेवला. त्यातही तसलं काहीतरी होतं. "झिरो डिग्री! आई, परफेक्ट आहे."

"तुम्ही दोघं म्हणताय म्हणजे असेलच," हिराबाई म्हणाल्या. "मी आपली तीस वर्षं फळ्यावर पट्टीशिवाय रेघा मारलेली बाई."

मुनव्वर एवढ्यावर थांबता तर बरं होतं. पण त्याने पाणसळ कपाटाला लावली, बुडबुडा पळाला, आणि त्याने निकाल दिला, "तुमच्या सुताराने कपाट वाकडं ठोकलंय." बुद्धभूषणने तिथल्या तिथे वैजनाथ सुताराला फोन करून झापलं. वैजनाथ पलीकडून सांगत राहिला, "साहेब, मी गाडीच्या चौकटीवरून माप धरलंय." मुनव्वरने मान हलवली. सगळेच असं म्हणतात, असं ते हलवणं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीची पहिली फेरी ठरली. लोणी काळभोरला, हिराबाईंच्या भावाकडे, बापूरावांकडे. मुनव्वरही निघाला. बोल्ट टिकतात का ते स्वतः बघायचं होतं. कात्रज, हडपसर, सोलापूर रस्ता, अख्ख्या वाटेने तो दोन्ही हात मोठ्या टीव्हीखाली धरून बसला होता, जणू वरून मूल पडणार आहे. टीव्ही तसूभर हलला नाही. लक्ष सगळं बोल्टांवर. टीव्ही सोडून टीव्हीच्या आजूबाजूचं सगळं बघायची त्याची जन्माची सवय. मांजरी गाव मागे पडल्यावर त्याने जुनेदला फोनही केला. "लिहून ठेव, बेटा. तुझ्या बापाला अजून वीस वर्षं मरण नाही."

बापूरावांच्या घरापुढचं खळं टेबलासारखं सपाट. गाडी थांबली. बापूराव आत आले, पलंग दाबून पाहिला, नळ सोडून पाहिला. "आयला, घरच की हे!" म्हणत बैठकीवर बसले. बुद्धभूषणने टीव्ही लावला. बापूराव बघू लागले आणि बघता बघता त्यांची मान हळूच उजवीकडे कलली.

"ह्यो टीव्ही असा का हाय?" त्यांनी विचारलं. "मान आखडलीय व्हय त्याची?"

मुनव्वर टीव्हीकडे बघतच नव्हता. तो त्या मानेकडे बघत होता. ती मान त्याच्या ओळखीची होती. नऊ वर्षं तो ती रोज संध्याकाळी बघत होता, आणि 'मालिका कमी बघ' म्हणत होता.

त्याने पाणसळ काढून टीव्हीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. मुनव्वरने नळीला टिचकी मारली, बुडबुडा हलला नाही. मग तो पलंगापाशी गेला. तिथलाही टीव्ही वाकडा, आणि अगदी तितकाच वाकडा. कारागिरी म्हणावी ती अशी. कपाटावर पाणसळ ठेवली, तर बुडबुडा रेघांच्या बरोबर मध्ये.

"काल गाडी चढावर होती," बुद्धभूषण हळूच म्हणाला आणि त्याने मोबाइल खिशात घातला.

हिराबाईंनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा मुनव्वरकडे. "टीव्ही बरोबरच आहे, मुनव्वरभाई," त्या म्हणाल्या. "लोणी वाकडं आहे."

मुनव्वर बैठकीच्या कडेवर बसला. पाटी लावल्यापासून किती जणांना त्याने डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं, याचा तो हिशोब करू लागला आणि लगेच सोडून दिला. "बाई," तो म्हणाला, "मी मुलाला शब्द दिलाय. एक टीव्ही वाकडा लागला की शटर ओढणार. इथे तर दोन लागले."

"शटरचं नंतर बघू. आधी वैजनाथला फोन लावा."

त्याने लावला. एका सुताराची माफी मागायला त्याला तीन वेळा घसा खाकरावा लागला. वैजनाथ मोठ्याने हसला. "जाऊ द्या हो चाचा. माझ्याकडे तुमच्यासारखं यंत्र नाही, म्हणून वाचलो."

मग मुनव्वरने पाणसळ पिशवीत टाकली, टेप काढली, कपाटाच्या खालच्या कडेपासून दोन्ही बाजूंनी सारखं माप धरलं आणि दोन्ही टीव्ही नव्याने आवळले. बापूरावांची मान सरळ झाली. निघताना तो हिराबाईंना म्हणाला, "मग शटरचं काय करू?"

"तुम्ही दुकान बंद केलंत तर बोल्ट सैल झाल्यावर आमचे टीव्ही कोण सरळ करणार?" हिराबाई म्हणाल्या. "शटर राहू द्या. पाटीवरची दुसरी ओळ पुसा. तेवढी शिक्षा पुरे."

परतीच्या वाटेवर त्याने स्वतःहूनच जुनेदला फोन केला. "दोन्ही वाकडे लागले," त्याने सांगितलं. जुनेद म्हणाला, "म्हणजे उद्यापासून बंद?" मुनव्वर म्हणाला, "उद्या थोडं उशिरा उघडतो. पाटी रंगवायचीय. शब्द मोडला म्हण हवं तर. आज माझं बरंच काही मोडलंय, त्यात हे एक." जुनेदला हसू आलं. आपला बाप चुकला असं तो पहिल्यांदाच ऐकत होता.

घरी कमरजहां टीव्ही बघत होती. मान उजवीकडे. मुनव्वर दारातच उभा राहिला. लोणीला त्याला लाज वाटली होती, पण इथे वाटली ती वेगळी. लोणीचा टीव्ही एक दिवस वाकडा होता. हा नऊ वर्षं. आणि ज्या आवाजावर भरवसा ठेवून त्याने अँटेना लावला, संसार लावला, त्याच आवाजाला त्याने एका पिवळ्या नळीपुढे खोटं ठरवलं होतं.

"किती टेढा आहे?" त्याने विचारलं.

तिला वाटलं, चेष्टा चालली आहे. "काढा ती पिवळी नळी, दाखवा मला," ती म्हणाली.

त्याने पिशवी दाराबाहेर ठेवली, फक्त पाना घेतला. बोल्ट सैल केले आणि नेहमीसारखा टीव्हीच्या मागे डोकं घालून उभा राहिला. तिथून त्याला पडदा दिसत नव्हता, कपाट दिसत नव्हतं, काही दिसत नव्हतं.

"आलं का?" त्याने विचारलं.

मालिकेचा आवाज बारीक झाला. मग कमरजहांचा आवाज आला. "डावीकडे खाली. अजून बोटभर." आणि जरा थांबून, "बस. हात काढा."

त्याने बोल्ट आवळले, हात पुसले आणि पुढे येऊन तिच्याशेजारी बसला. पडद्यावर एक बाई ढसाढसा रडत होती. मुनव्वर थोडा वेळ बघत राहिला.

"ही का रडतेय?"

"नऊ वर्षं झाली रडतेय," कमरजहां म्हणाली. "बसा. सांगते."