बापू आणि न दिलेली माफी

बापूंकडे लहानपणच्या प्रत्येक दुःखाला प्रदक्षिणा होत्या. छडी खाल्लेल्याला कमी, पट्टा खाल्लेल्याला जास्त आणि कोंडून ठेवलेल्याला ओलेत्याने. महाडच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात हयात गेल्यामुळे आवाज खणखणीत. दर गुरुवारी दत्तमंदिरात ते बैठक घेत. "आता कापड्याची बाय गोठ्यातलं सांगंल!" असं ते माझ्याबद्दल, माझ्या गावाचं नाव घेऊन ओरडले, की पोलादपूरची गाडीच फलाटाला लागल्यासारखं वाटे.

वडील चिडले की मला गोठ्यात कोंडत. चाळिशी उलटली, कोर्टात कारकून झाले, तरी बाहेरून कडी वाजली की मला घाम फुटे. डॉक्टरकडे गेलं तर लोक वेडी म्हणतात, देवळात गेलं तर भाविक. मी देऊळ निवडलं.

बैठकीत पहिल्यांदा कोणी तोंड उघडेना. नंतर चढाओढच लागली. वरंधचे एक दुकानदार दुसऱ्याने खाल्लेला मार ऐकून म्हणत, "एवढंच?" शेवटी बापू निकाल देत, "आईबाप देव हायत. माफ करा, मोकळे व्हा." आम्ही माना डोलवायचो, शिरा खायचो आणि होतो तसेच घरी जायचो.

एका गुरुवारी मुंबईहून त्यांचा मुलगा आला, मागे बसला. बापू कौतुकाने म्हणाले, "हा आमचा संजू. बोल रे, तू पण बोल."

"बोलू? तुम्ही छत्रीच्या दांड्याने माझा हात मोडलात. डॉक्टरला सांगितलंत, झाडावरून पडला. त्याला किती प्रदक्षिणा, बाबा?"

बापू आसनावरून उठले आणि खाली, आमच्यात येऊन बसले. "खरं हाय," ते म्हणाले. तो आवाज पहिल्यांदाच मागपर्यंत पोचला नाही. "दत्ताची माफी रोज मागत होतो. तो बोलत नाय, म्हणून सोपं होतं."

संजूने माफ केलं नाही. चहाही न घेता गेला. बापूंनी त्याला अडवलं नाही.

देवळाच्या कमिटीला हे फार लागलं. मारणारा त्यांना चालला असता, कबूल करणारा कसा चालेल? त्यांनी नवे महाराज आणले, सोबत नवा स्पीकर. बापू मागच्या पायऱ्यांवर बसू लागले आणि आम्ही तीन-चार जण त्यांच्याजवळ. आता ते नुसतं ऐकत. कोणी रडलं तर पाण्याचा तांब्या पुढे सरकवत.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आत्याचा फोन आला, "ये नि पाया पड. बाप हाय तो. माफ केलंस तर पुण्य लागंल." मी बापूंना विचारलं.

"जायचं तर जा गो. नाय गेलीस तरी दत्त रुसत नाय. पण मनात नसलेली माफी देऊ नको. त्यापरास जेवण ने."

मी पेजेचा डबा घेऊन कापड्याला गेले. वडिलांना उशीला टेकवून बसवलं, भरवू लागले. दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "माफ केलंस ना गो?"

"नाही," मी म्हटलं आणि पुढचा चमचा धरला.

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा चमच्याकडे बघितलं. मग त्यांनी तोंड उघडलं.