खात्रीबाई

रुग्णालयात माझ्या वहिनीला सगळे खात्रीबाई म्हणायचे. शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायची, हे तिचं काम. गाठोड्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की काम फत्ते. तिने बांधलेलं गाठोडं डॉक्टर डोळे झाकून घ्यायचे. घरी मात्र गॅस, कडी, नळ पुन्हापुन्हा तपासून ती आमच्या नाकी नऊ आणायची. मी चिडवायचे, "वहिनी, त्या कुलपालाही एक कुलूप लाव."

मग एका सकाळी तिला वाटलं, एका तयार गाठोड्यातल्या कात्रीला डाग राहिला असेल. तिने गाठोडं सोडलं. कात्री लख्ख होती, पण उघडलेलं गाठोडं बाद. ते पुन्हा यंत्रात गेलं, बाहेर आलं आणि पुन्हा तीच शंका. असं करत तिने कपाटातली सगळी गाठोडी सोडली. तिकडे पेशंट टेबलावर आणि इकडे साधा चिमटा तयार नाही! मोठ्या सिस्टरांनी तिला कामावरून काढलं नाही, मनोविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत मी गेले, कारण माझा भाऊ असल्या वेळी हमखास गळपटतो.

वहिनीने बसताच विचारलं, "मला वेड लागलंय का?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूचा पुढचा भाग धोक्याची घंटा वाजवतो, आतला भाग ती थांबवतो. तुमच्यात ती थांबत नाही, फिरून फिरून वाजते. कात्री स्वच्छ दिसते, पण मनाला पटत नाही. नेमकं काय बिनसतं ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. पण सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो. शिवाय शंका आली तरी न तपासण्याचा सराव करायचा."

वहिनीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "माहेरी कुणाला असं होतं?"

"वडिलांना. ते अर्ध्या वाटेवरून कडी बघायला परत यायचे." बोलता बोलता तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे हे रक्तातून येतं?"

"शक्यता थोडी वाढते. येतंच असं नाही."

दुसरं वाक्य वहिनीने ऐकलंच नाही. मला त्या बाईंचा असा राग आला!

गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू गॅस आणि कडी तपासणं सुटलं. पण आता ती स्वतःच्या लेकीला, माझ्या भाचीला, तपासू लागली. पोर तिसरीतली. तिने दप्तर दोनदा उघडलं की ही लगेच माझ्याकडे बघायची. जेवायच्या आधी ती हात धुवायला गेली की ही दारात उभी, डोळे लावून. मी ओरडायचे, "अगं, मुलं हात धुतातच!" ओरडत होते खरी, पण ती किती वेळा धुते ते मीही मोजायचे.

काल पोरीने हात धुतले, पुसले, आईकडे पाहिलं आणि पुन्हा नळ सोडला.

वहिनीने माझा दंड घट्ट पकडला. मीच विचारलं, "काय गं, झाले की धुऊन?"

"हो आत्या, पण आई अशी बघते ना, मग मला वाटतं काहीतरी राहिलं."

वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. मागे नळ वाहतच होता. "बघू नकोस," मी वहिनीला म्हणाले. ती रडत होती, पण तिने वळून पाहिलं नाही.