चोर आलाय, आत घ्या

लहानूबाबा आमच्या कचेरीत यायचे ते वहाणा दाराबाहेर काढून. मग उंबऱ्यातूनच मोठ्यानं सांगायचे, "चोर आलाय, साहेब. आत घ्या!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टेबलावरचं घड्याळ उचलून खिशात घातलं होतं. जुनी दप्तरं सांभाळायच्या खोलीत माझी नुकतीच बदली झालेली. वळणदार अक्षर सोडलं तर माझ्यात दुसरा गुण नव्हता, पण सरकारी नोकरीत तेवढ्यावर जन्म निघतो. (मी ही गोष्ट सुरू केली की आमच्याकडे बायको कुकर लावायला उठते. तरी सांगतोच.)

बाबा हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. वय ऐंशीच्या पुढं, पण दर महिन्याला पहिली एसटी पकडून नाशिकला हजर. इंग्रजांच्या राज्यात, ते सोळा-सतरा वर्षांचे असताना, पांढऱ्या टोप्या घातलेले पुढारी नाशिकहून पाड्यावर आले होते. रान तुमचं, गवत तुमचं, सरकार परकं. मोडा कायदा, म्हणाले. स्वराज्य आलं की तुमच्याकडे रस्ता येईल, शाळा येईल, पोरं वाचायला लागतील. बाबांनी विळा घेतला आणि राखीव रानातलं गवत कापलं. सगळेच पकडले गेले. पुढाऱ्यांवर खटला झाला भाषणाचा, पाड्यावरच्यांवर गवतचोरीचा.

"एकच रान, एकच दिवस," बाबा म्हणायचे. "त्यांनी तोंड चालवलं, आमी इळा चालवला. ते देशभक्त झाले, आमी चोर. आता पेन्शन नको मला. त्यो शब्द खोडा फक्त. मी मरायच्या आत."

आमचं उत्तर ठरलेलं होतं : रेकॉर्ड सापडत नाही. ते ऐकून म्हातारा चक्क खूश व्हायचा. "सापडंना ना? बरं हाय. म्हंजे अजून काय ठरलं नाय!" मग माझ्या टेबलावर पळसाच्या पानात बांधलेली करवंदं नाहीतर रानभाजी ठेवून परतीची एसटी गाठायचा.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, त्या वर्षी कचेरीला रंग लागला आणि मला देशभक्तीचा झटका आला. तीन आठवडे धूळ खाऊन मी ते रजिस्टर शोधून काढलं. अर्धं वाळवीनं खाल्लेलं, पण बाबांची ओळ शाबूत. वाळवीलाही तेवढीच गोड लागली नसावी. 'सरकारी गवताची चोरी. तीन महिने सक्तमजुरी.' पुरावा मिळाला म्हणून मी सगळ्यांना पेढे वाटले. साहेबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "यात सत्याग्रह कुठे लिहिलाय? बरोबरच्या कुणा सत्याग्रहीचा दाखला आणा."

भाषण केलेल्या पुढाऱ्यांपैकी दादासाहेब तेवढे हयात होते. नव्वदी ओलांडलेले, भिंतीवर ताम्रपट. मी बाबांना घेऊन गेलो. दादासाहेबांनी त्यांना लगेच ओळखलं. "अरे लहानू! तुझ्या आईच्या हातची नागलीची भाकरी अजून आठवते रे!" दोघांचे डोळे भरले, माझेही भरले. मग मी 'लहानू आमच्याबरोबर तुरुंगात होता' असा दाखल्याचा कागद सहीसाठी पुढं केला. दादासाहेबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"आम्ही राजकीय कैद्यांच्या बराकीत होतो. हा चोरांच्या. तुरुंगात बरोबर होता असं मी कसं लिहू? सत्याग्रही खोटं लिहीत नसतो."

जिना उतरताना बाबाच माझी समजूत काढत होते. "खरं हाय त्यांचं. तव्हा बी आमाला दुसऱ्या दारानं नेलं."

कचेरीत साहेब म्हणाले, "रेकॉर्ड तुम्हीच शोधलंत, आता उत्तरही तुम्हीच लिहा. अक्षर छान आहे तुमचं." रजिस्टर पुन्हा वाळवीच्या स्वाधीन करता आलं असतं. ते सुचलंही होतं. पण पुढच्या वर्षी माझी बढती होती. मी लिहिलं : 'अर्जदारास चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्याचे अभिलेखावरून सिद्ध होते. सबब विनंती अमान्य.' काना-मात्रा जागच्या जागी, खाली गोल शिक्का. सत्तर वर्षं जे ठरलं नव्हतं, ते मी ठरवून टाकलं.

त्यानंतर बाबा कचेरीत आले नाहीत. बढती झाल्यावर एकदा मीच हरसूलला गेलो. बाजाराचा दिवस होता. पाड्यापर्यंत डांबरी रस्ता झालेला, नव्या शाळेच्या भिंतीवर बाराखडी रंगवलेली. बाबांच्या दारात बूट काढून उभा राहिलो. चोर आलाय बाबा, आत घ्या, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"मी... कचेरीतला," एवढंच म्हणालो.

"या की आत. हितं कुणाला दारात उभं नाय करीत." ते गोधडीवर पडून होते. माझं पत्र वर कौलाखालच्या वाशात नीट घडी करून खोचलेलं होतं. नऊ-दहा वर्षांची एक पोर माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

"नातवाची पोर. साळंत जाती," बाबा म्हणाले. "तुमचं पत्र आलं, तव्हा सगळा पाडा जमला हुता. हिनंच वाचून दाखवलं सगळ्यास्नी. कुठं अडखळली नाय. लय चांगलं अक्षर हाय म्हनली तुमचं."